काळ्या ओढणीतली माता

पुंता
सोमवार, ३० मार्च
झावळ्यांच्या रविवारचा दुसरा दिवस

प्रिय कुया ओनी,

आधी माफी मागते. इतका काळ तुला एक ओळ लिहिली नाही. दोन-तीनदा बसले होते, पण 'प्रिय कुया' लिहून झालं की पुढचं वाक्य सुचायचं नाही, आणि सुचलंच तर मलाच खोटं वाटायचं. पुंता आणि बुकाना यांच्यामध्ये एक नदी आणि तिच्या कडेने जाणारा रस्ता, एवढंच तर अंतर आहे. ट्रायसिकलवाल्याने गाणी लावली तर चार-पाच गाण्यांत वाट संपते. इतक्या जवळ राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायचं म्हणजे मलाच विचित्र वाटतं. फोन करता आला असता. पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतोस, आणि त्या 'हं'ला घाबरून मी हवापाण्याचं बोलायला लागते. शिवाय तू हल्ली फोन कुठल्या कानाला लावतोस तेही मला माहीत नाही. होडीवरच्या त्या दिवसापासून उजव्या कानाने तुला ऐकू येत नाही, हे मला तुझ्या बायकोकडून, सेलिंगकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच लिहिते, म्हणजे तू पत्र अर्ध्यावर टाकणार नाहीस. येत्या ईस्टरच्या रविवारी पहाटे तू पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती घेऊन आई-मुलाच्या भेटीच्या मिरवणुकीला येशील का, हे विचारायला मी लिहीत नाही. ते सगळं गाव विचारतंय. मासळीबाजारात विचारतात, शाळेत माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया विचारतात, फादर आन्सेल्मो न विचारता नुसते बघतात. मी मात्र ते विचारणार नाही. पण यंदा भेट झाली नाही तर आपल्या घरातलं काहीतरी कायमचं तुटणार आहे, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं मला वाटतं.

घरची खुशाली अशी. छपराचा मागचा पत्रा डिसेंबरातल्या वाऱ्याने उचकटला होता, तो बसवून घेतला. फणसाला यंदा फळ कमी. काल चर्चमध्ये झावळ्या आशीर्वादित झाल्या, मी तुझ्या वाटणीची एक वेणी घालून आणली आणि नेहमीच्या जागी, दाराच्या चौकटीवर खोचली. नानायच्या खोलीत आता मातेची मूर्ती एकटीच असते. मूर्ती वाटल्या तेव्हा नानाय काय म्हणाली होती ते तुला आठवतं? लोक जमीन वाटतात, होड्या वाटतात, आणि आपल्या आईने दोन मूर्ती वाटल्या. मुलाकडे पुत्र, मुलीकडे माता. तू हसून म्हणालास, "नानाय, दोन्ही एकाच कपाटात राहिल्या तर काय बिघडेल?" त्यावर ती म्हणाली, "तुम्ही दोघं भांडकुदळ आहात. असं केलं म्हणजे वर्षातून एकदा तरी तोंड बघाल." तेव्हा मला तो विनोद वाटला होता. आता वाटतं की तिने पुष्कळ पुढचं पाहिलं होतं. किंवा मीच आता तिच्या तोंडी शहाणपण घालते आहे. मेलेल्या माणसांच्या बाबतीत आपण असं करतो, नाही?

नार्दोबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या चुलतभावाबद्दल मी तुला सांगावं असं काही नाही. होडीत तू होतास, मी नव्हते. मला इतकंच ठाऊक आहे की तुम्ही बाहेरच्या खडकाशी नेहमीच्या जागी जाळं टाकलं होतं, पलीकडच्यांचं मोठं पांढरं जहाज आलं, त्याने पाण्याचा मारा केला, होडीच्या बाजूचे बांबू तुटले, आणि तुम्ही दोघं गेलात त्यातला एकच परत आला. बाकी सगळं मी टीव्हीवर आणि सभांमध्ये ऐकलं. मग ते दिवस आले. गावात बंदुकीचं शिक्षण देऊ म्हणून कोणी कोणी येऊन गेले. चौकात ध्वज लागले. मनिलात मोठमोठी माणसं म्हणू लागली की आता एकच भाषा त्यांना कळते. आणि नार्दोच्या चाळिसाव्या दिवसाच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर फादरनी ते आवाहन काढलं: दोन्ही देशांनी बोलणी करावीत, खडक आपला आहे हे रोज टेबलाशी बसून सांगावं, पण तिथे आणखी माणसं मरायला पाठवू नयेत. ते वाचायला त्यांनी मला उभं केलं. मी का वाचलं ते मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारते. शिक्षिका आहे, आवाज स्वच्छ आहे म्हणून? मला पटलं होतं म्हणून? की नार्दोच्या जागी पुढच्या वेळी तू असशील या भीतीने? तिन्ही खरी असावीत. पण तिसरं जास्त खरं असेल तर त्याला श्रद्धा म्हणावं का?

फादरनी त्या दिवशी येशूची ती गोष्ट सांगितली, राजाची. एक राजा दहा हजार सैनिक घेऊन निघतो, समोरून वीस हजारांचा येतोय असं कळतं, तेव्हा तो आधी खाली बसून विचार करतो, आणि समोरचा लांब असतानाच दूत पाठवून तहाचं बोलतो. तू मागच्या बाकावरून उठलास. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "फादर, ही गोष्ट दहा हजारवाल्याची झाली. वीस हजारवाल्याने कधी दूत पाठवला ते सांगा." काही जण हसले. मग तू माझ्याकडे, धाकट्या बहिणीकडे, वळलास. "आणि बुन्सो, तू एवढी शिकलीस, तर नार्दोला कुठल्या टेबलाशी बसवणार आहेस ते पण वाचून दाखव."  त्याच संध्याकाळी तू ख्रिस्ताची मूर्ती चादरीत गुंडाळलीस, ट्रायसिकलमध्ये मांडीवर घेतलीस, आणि सेलिंगच्या माहेरी, बुकानाला गेलास. इथल्या घराचं दार तू लावलंही नव्हतंस. मी लावलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षं शोधते आहे, कुया, आणि ते मला सापडलेलं नाही, हे कबूल करते. फादरना एकदा विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "त्याचा प्रश्न बरोबर आहे. माझा धाकटा भाऊ असाच आहे, म्हणून मी सुट्टीत घरी जात नाही." हे काही उत्तर नव्हे. मी स्वतः जे जुळवते ते असं. दहा हजारवाला घाबरून बोलतो हे खरं. पण त्याचे दहा हजार कोण असतात? नार्दो असतात. राजा बसून मोजतो तेव्हा तो निदान त्यांच्याकडे एकदा बघतो. मी शाळेत युद्धं शिकवते. प्रत्येक धड्याच्या शेवटी माणसं टेबलाशी बसून सह्या करतात, आणि माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारतं की मिस, हे आधीच का नाही बसले. मी म्हणते, "पुढचा धडा काढा." काल झावळ्या हलवताना मनात आलं की आपला प्रभू शहरात शिरला तो घोड्यावर नाही, गाढवावर. ज्याच्यापाशी वीस हजार काय, मोजता येणार नाहीत एवढे होते, तो असा आला. म्हणजे वीस हजारवाल्याने दूत पाठवला नाही असं नाही, तो स्वतःच आला, आणि आपण त्याचे वैरी होतो तेव्हाच आला. हे सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की गाणं म्हणायचं राहूनच गेलं. पण चर्चमधून बाहेर पडेपर्यंत आनंद गेला. कारण त्याच आठवड्यात त्यांनी त्याला मारलं. म्हणजे जो बोलायला जातो तो वाचतो, असं त्याने कुठेच दाखवलेलं नाही. तुझ्यासमोर हे मांडलं असतं तर तू तेच म्हणाला असतास, आणि 'मग?' म्हणून भुवई वर केली असतीस. मग काय, मला माहीत नाही. मला एवढंच दिसतं की शुक्रवारनंतर रविवार आहे, पण शुक्रवारी उभ्या असलेल्या आईला ते माहीत नव्हतं.

मी काही तुझ्याहून चांगली नाही, हेही लिहून ठेवते. गेल्या जूनमध्ये टीव्हीवर ते पांढरं जहाज दाखवत होते, तेच की दुसरं कोण जाणे, आणि माझ्या मनात आलं की हे आत्ता, माणसांसकट, बुडावं. नुसतं आलं नाही, बरं वाटलं. मग जहाजाच्या मागच्या बाजूला दोरीवर कोणाचे तरी बनियन वाळत घातलेले दिसले आणि मी टीव्ही बंद केला. बनियन दिसले नसते तर मी किती वेळ तशी बसले असते, याचा अंदाज मला घ्यावासा वाटत नाही.

गेल्या वर्षीच्या भेटीचं तुला लोकांनी सांगितलं असेल, पण प्रत्येकाने आपल्या सोयीने. मी माझ्या सोयीने सांगते. दर वर्षीप्रमाणे पहाटे बायकांची मिरवणूक आपल्या घरून निघाली, डोलीत माता, तोंडावर काळी ओढणी. पुरुषांची मिरवणूक समुद्राकडच्या छोट्या चर्चमधून निघाली, पण त्यांच्याकडे ख्रिस्त नव्हता. तू येशील म्हणून ते शेवटपर्यंत थांबले होते. मग गावप्रमुख कापितान बेलेनने सांगितलं की रिकामी डोली घ्या, पांढरं कापड घाला, फुलं घाला, देवाला कळतं. चौकात बांबूच्या कमानीखाली दोन्ही डोल्या समोरासमोर आल्या. देवदूत झालेल्या मुलीला दोरांनी वरून खाली सोडलं, ती गाणं म्हणत ओढणीला हात घालणार, एवढ्यात मी तिचा हात धरला. "नको," म्हणाले. कारण विचारशील तर, आईच्या डोळ्यांवरचं काळं कापड काढायचं आणि तिला समोर रिकामी डोली दाखवायची, हे माझ्याने होईना. ती मुलगी रडायला लागली. वर दोर धरलेले लोक ओरडले, "खाली घेऊ की वर?" बेलेन माझ्या कानाशी म्हणाली, "सोड, नोएमी. सगळे बघताहेत." मी सोडलं नाही. ओढणी तशीच राहिली आणि माता तशीच घरी आली.

तेव्हापासून वर्षभर ती काळ्या ओढणीत आहे. मी रोज संध्याकाळी त्या कापडासमोर बसून प्रार्थना करते. मासळी कमी झाली ती त्यामुळे, असं बाजारात म्हणतात. सुरुवातीला मला वाटायचं, मी सत्यासाठी हे केलं. नंतर वाटायला लागलं, मी तुझ्यावर रुसून केलं. तू आला नाहीस ना, मग बघ, तुझ्यामुळे आई आंधळी बसली आहे. देशादेशांनी एकमेकांकडे चालत जावं असं मी चर्चमध्ये वाचून दाखवते, आणि नदीपलीकडच्या भावाकडे जात नाही, तो येत नाही म्हणून मूर्तीचं तोंड झाकून ठेवते. कधी कधी मी त्या ओढणीसमोर बसते आणि मला हसू येतं. ते हसू बरं नसतं.

आणि एक बातमी. फुलवाल्या आलिंग चारिंगच्या दुकानाच्या शटरवर नोव्हेंबरात कोणीतरी लाल रंगाने 'परत जा' लिहिलं. कुठे परत जाणार? तिच्या आजोबांचे आजोबा पलीकडच्या देशातून आले. तिचा बाप्तिस्मा आपल्या चर्चमध्ये, लग्न आपल्या चर्चमध्ये, नवऱ्याची कबर नानायच्या कबरीच्या पलीकडे तिसरी. मातेच्या डोलीची फुलं माझ्या आठवणीपासून तीच देते. मी रॉकेल आणि फडकं घेऊन गेले तर ती आधीच पुसत बसली होती. म्हणाली, "बाई, अक्षर फार वाईट आहे. तुझ्याच शाळेतलं असणार." मग आम्ही दोघींनी पुसलं. लाल गेला, पण डाग राहिला. निघताना तिने विचारलं, "यंदा मी फुलं देऊ ना? की नको?" इतकी वर्षं तिने हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अर्थातच." पण 'अर्थातच' म्हणायच्या आधी मी थांबले होते, पापणी लवेल एवढंच, आणि ते तिला दिसलं.

त्याच महिन्यातली तुझी गोष्टही मला कळली आहे. सेलिंगवर रागावू नकोस. तिने मला शपथ घातली होती, "त्याला कळलं तर मला आणि कोंबड्यांना एकदमच घराबाहेर काढील." वादळाच्या दुसऱ्या दिवशी इंजिन बंद पडलेली एक होडी नदीच्या तोंडाशी लाटांत फिरत होती, पलीकडची, आत चार माणसं. किनाऱ्यावर सगळे उभे राहून बघत होते आणि तू शिव्या देत होडी पाण्यात लोटलीस. सेलिंग म्हणते, शिव्या इतक्या की तिने मुलांना घरात पाठवलं. तिथे जाऊन तू दोर टाकलास. त्यांना तो कुठे बांधायचा ते कळेना, तुला त्यांचं कळेना, आणि मग दोन होड्यांतून किती तरी वेळ तुम्ही एकमेकांवर ओरडत होतात, हात हलवत होतात, तू तुझी होडी दाखवून, ते त्यांची दाखवून. शेवटी बांधला. तुझ्या घरी ते सगळे आलं घातलेली पेज प्याले, दोन दिवस तुझे कपडे घालून बसले, मग तटरक्षक येऊन त्यांना घेऊन गेले. सेलिंगने तुला विचारलं की आता राग गेला का. तू म्हणालास, "दोर टाकला म्हणजे माफ केलं असं कोणी सांगितलं? समुद्रात माणूस बुडत होता, एवढंच." जाताना त्यांनी सिगारेटचं पाकीट ठेवलं. तू सिगारेट सोडून सहा वर्षं झाली, तरी ते पाकीट अजून ख्रिस्ताच्या मूर्तीमागे आहे, म्हणे.

हे ऐकल्यापासून माझा गोंधळ वाढला आहे, कमी झाला नाही. फादरना मी सांगितलं नाही, कारण ते लगेच प्रवचनात घालतील आणि तू त्यांचा उरलासुरला आदरही ठेवणार नाहीस. पण मला कळत नाही की आपल्या दोघांत शांततेच्या बाजूला कोण आहे. मी आवाहन वाचलं आणि पलीकडचा एकही माणूस कधी जवळून बघितला नाही. तू अजूनही म्हणतोस की त्यांना धडा शिकवायला हवा, आणि त्यांचे ओले कपडे तू पिळले आहेस. तू मूर्ख आहेस असं मला कधी वाटलं नाही, आणि आता तू चुकतोस असंही मला ठामपणे म्हणता येत नाही. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. तुम्ही एवढा वेळ ओरडत होतात, एक शब्द कळत नव्हता, दोन्हीकडे चिडचिड, तरी कोणी दोर सोडला नाही. आवाहनात फादरनी पानभर जे लिहिलं होतं, ते याहून वेगळं काय होतं, मला सांग. त्यात माफीचा शब्द नव्हता. मी परत काढून वाचलं. खरंच नव्हता.

आता ते, जे कायमचं तुटणार आहे. कापितान बेलेनने नवा ख्रिस्त मागवला आहे. फायबरचा. गुरुवारी येतो आहे. परवा ती नारळाचं दूध घातलेला भात घेऊन घरी आली आणि म्हणाली, "हे बघ नोएमी, मूर्ती ती मूर्ती. याला पाऊस लागला तरी रंग जात नाही, वाळवी लागत नाही, आणि हा रुसून नदीपार जात नाही." मला हसू आलं. ती चांगली बाई आहे, कुया. गावाला वर्षभर काळी ओढणी बघवत नाही, हे तिचं म्हणणं खोटं नाही. रविवारी नवा ख्रिस्त चौकात येईल, ओढणी निघेल, घंटा वाजतील, सगळे घरी जाऊन जेवतील. आणि पुढच्या वर्षापासून तुझी वाट कोणी बघणार नाही. कोणाला तुझा राग येणार नाही, कोणी तुझ्याबद्दल विचारणार नाही. तू आणि तो जुना लाकडी ख्रिस्त बुकानाच्या त्या खोलीत राहाल, आणि इथे सगळं छान चालेल. हेच मला सहन होत नाही. दुसऱ्या बाजूशिवाय आपलं चालतं हे एकदा जमलं की मग बोलायचं कारणच उरत नाही. मी बेलेनला म्हटलं, "आई तिच्या मुलालाच भेटेल." ती म्हणाली, "मग मुलाला सांग यायला." मी म्हटलं, "तो येणार नाही." ती म्हणाली, "मग कसं करणार?"

उत्तर काल रात्रीच्या जेवणाच्या आधी सुचलं, आणि सुचलं तसं मी घाबरले. माता चौक ओलांडत नाही, हे तुला ठाऊकच आहे. अर्ध्या वाटेवर आई, अर्ध्या वाटेवर पुत्र, असंच आजवर झालं. भेट व्हायच्या आधी आईने चौक ओलांडला तर समुद्र माणूस मागतो, असं म्हाताऱ्या म्हणतात. आज सकाळी मी डोली उचलणाऱ्या बायकांना घरी बोलावलं तर तिघीजणी ऐकूनच उठून गेल्या. एक म्हणाली, "मास्तरीण, तुझा नवरा होडीवर नाही, तुला काय." ते खरं आहे, आणि मला लागलं. तेवढ्यात लुसिंग बोलली, नार्दोची लुसिंग. ती इतका वेळ कोपऱ्यात मुलाचं बटण शिवत बसली होती. म्हणाली, "इतकी वर्षं आई चौकातच थांबत होती ना? तरी नेलाच की समुद्राने." मग तिने दोरा दातांनी तोडला. "मला युद्ध नको. तुमची ती शांतताही मला नको, नोएमी, मला नार्दो हवा. पण डोलीला पुढे खांदा कमी पडत असेल तर माझा आहे." तिच्यामागून आणखी सात जणी तयार झाल्या. नववी आलिंग चारिंग. तिच्याच्याने डोली उचलवणार नाही, पण ती मेणबत्ती धरून चालणार म्हणते, आणि पाय दुखले तर सगळ्यांना ऐकवणार म्हणते.

म्हणून हे पत्र. रविवारी पहाटे आम्ही चौकात थांबणार नाही. नदीच्या रस्त्याने माता तुझ्या दारापर्यंत येईल, काळ्या ओढणीत. मी तुला आधी कळवते आहे, कारण दहा बायका मेणबत्त्या घेऊन अचानक अंगणात उभ्या राहिल्या तर तुला तो हल्ला वाटेल, आणि कदाचित तो असेलही. फुलं आलिंग चारिंगची असतील आणि ती स्वतः असेल, हेही आत्ताच सांगते, नंतर लपवलं असं म्हणू नकोस. तू खडकाबद्दल जे मानतोस ते सोडावंस असं मी म्हणत नाही. नार्दोला कुठल्या टेबलाशी बसवणार, याचंही उत्तर घेऊन मी येत नाही. लुसिंग येते आहे, एवढंच सांगू शकते. तू दार उघडलंस आणि ख्रिस्ताला बाहेर आणलंस तर ओढणी तूच काढ, आमच्यात देवदूत कोणी नाही. नाही उघडलंस तर आम्ही डोली अंगणात टेकू, पाणी पिऊ, आणि ओढणी तशीच ठेवून परत जाऊ. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ. राजाने दूत पाठवला तो समोरचा लांब असताना, असं फादरनी सांगितलं होतं. तू काही फार लांब नाहीस, पण आज तरी हे पत्र तसंच समज. दहा हजारवाली मी आहे की वीस हजारवाली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुझ्या डाव्या कानाला पहाटे आमचं गाणं ऐकू येईल, तेव्हा तू ठरव.

तुझीच,
बुन्सो नोएमी

उद्या: आलिंग चारिंगला सांगून येणे. फुलं लवकर न कोमेजणारी हवीत, वाट लांब आहे.